शिवणीतली माया

इतिहासाचं चित्र कसं काढावं हे मला एका शिंप्यानं शिकवलं. ते चित्रकार नव्हते, आणि इतिहासाचे अभ्यासक तर नव्हतेच. होसकोटेच्या जुन्या पेठेत त्यांचं एका गाळ्याचं दुकान होतं. पुढं पायमशीन, मागं कापायचं टेबल, वर दोरीला लटकवलेले ब्लाउज. घराणं भावसारांचं. पूर्वज या मुलखात कधी आले, कुठून आले, हे त्यांनाही नीट सांगता येत नव्हतं. पण घरात मराठी टिकली होती. कानडी हेलाची, वाक्याच्या शेवटी 'की' लावणारी, मधूनच एखादा जुना शब्द असा टाकणारी की मी थबकावं. मी त्यांना मामा म्हणायचे, ते मला बाई म्हणायचे. आज माझ्या हातून जे काही बरं काम होतं त्यात मोठा वाटा त्यांचा आहे, आणि ते हयात असताना मी हे त्यांना एकदाही बोलून दाखवलं नाही. म्हणून हे लिहितेय.

होसकोटे हे बंगळूरहून जुन्या मद्रास रस्त्यानं कोलारकडं जाताना लागणारं गाव. आता तिथं कारखाने आहेत, पहाटेच्या बिर्याणीसाठी मोटारींच्या रांगा लागतात, चेन्नईचा नवा द्रुतगती महामार्ग तिथूनच सुटतो. मी लग्न होऊन कोल्हापूरहून आले तेव्हा मोठं तळं, अविमुक्तेश्वराचं देऊळ आणि भोवतालची पेठ एवढंच गाव वाटायचं. नवरा कारखान्यात, मी घरी. कानडी येत नव्हती. चित्रकला शिक्षकाची ए.टी.डी. ही पदविका तेवढी पदरात होती. पेठेत मराठी बोलणारं कुणीतरी आहे असं कळलं, म्हणून ब्लाउज शिवायला टाकण्याचं निमित्त काढून मी त्या दुकानाची पायरी चढले.

इतिहासाच्या चित्राबद्दल माझी समज त्या वेळी फार बेताची होती. महादेव विश्वनाथ धुरंधर १८६७ साली आमच्याच कोल्हापुरात जन्मले, याचा आम्हा चित्रकलेच्या मुलांना कोण अभिमान! त्यांच्या शिवराज्याभिषेकाच्या चित्राची छापील प्रत मी वर्षानुवर्षं पाहत आले होते. सिंहासनावर महाराज, समोर आदबीनं झुकलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झेंडन, भोवती भरलेला दरबार. हे सगळं अगदी असंच घडलं, अशीच माझी खात्री. राज्याभिषेक १६७४ चा आणि धुरंधरांचा कुंचला त्यानंतर सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळानं उचललेला, हा साधा हिशेब मनात कधी आला नाही. ऑक्झेंडननं स्वतः नोंद लिहून ठेवली आहे आणि तीत सिंहासनाजवळच्या भाल्यांवर लावलेली सोन्याची मोठ्या दातांची मत्स्यमुखं आणि समतोल धरलेला सोन्याचा तराजू आहे, हेही मला ठाऊक नव्हतं. चित्र पाहून ऊर भरून आला की चित्र खरं, एवढीच माझी कसोटी होती.

तीच कसोटी घेऊन मी पहिलं मोठं काम हाती घेतलं. एका शाळेनं भिंतीवर शहाजीराजांचा बंगळूर दरबार रंगवून मागितला. १६३८ मध्ये आदिलशाही सेनापती रणदुल्लाखानाबरोबर शहाजीराजे या भागात आले, केंपेगौडांकडून बंगळूर घेतलं गेलं, आणि पुढं बंगळूर, होसकोटे, कोलार, दोड्डबळ्ळापूर, शिरा हा मुलूख राजांच्या जहागिरीत आला, एवढं मी वाचलं होतं. आपण राहतो ते गाव कधीकाळी शहाजीराजांचं होतं, या आनंदातच रेखाटन झालं. जामा-अंगरख्यांच्या चुण्या कशा पडतात ते विचारायला मी तो कागद मामांकडं नेला.

मामांनी चष्मा पुसला, कागद उजेडाला धरला आणि म्हणाले, "ह्यांचे बंद कुठल्या बाजूला, बाई?"

मी काहींचे उजवीकडं काढले होते, काहींचे डावीकडं. रचनेला तोल यावा म्हणून. मामा म्हणाले, "आमचा आजा सांगायचा की, बंद बघून माणूस ओळखायचे." मग त्यांचं बोट वर सरकलं. "आणि ही पगडी पेशव्यांची ना? शहाजीराजांच्या डोक्यावर कशी आली?"

आजोबांची गोष्ट मला तेव्हा ऐकीव वाटली. पुढं मुघल दरबारी चित्रांबद्दल वाचताना तीच गोष्ट छापील सापडली: हिंदू सरदारांच्या जाम्याचे बंद डाव्या काखेत, मुसलमान सरदारांचे उजव्या काखेत. दरबारातली माणसं ओळखण्याची ती एक खूण होती, आणि मी ती तोलासाठी वापरून टाकली होती. त्या दिवशी मात्र मी थोडी रागावूनच घरी आले. शिंप्यानं चित्राला नावं ठेवावीत, हे पचलं नाही. पण प्रश्न काही केल्या जाईना. भावाला सांगून कोल्हापूरहून इतिहासकार राजवाड्यांनी संपादिलेला जयराम पिंड्ये यांचा 'राधामाधवविलासचंपू' मागवला. जयराम शहाजीराजांच्या पदरी होता, तो दरबार त्यानं डोळ्यांनी पाहिला होता. पण तो राजाश्रयाचा कवी. स्तुती हेच त्याचं काम. त्याच्या शब्दांतलं पाहिलेलं किती आणि गायलेलं किती, हे निवडत बसले, तेव्हा पहिल्यांदा कळलं की चित्राआधी बरंच काम असतं. शाळेची भिंत ठरल्यापेक्षा फार उशिरा पुरी झाली. पगडी गेली, बंद जागेवर आले.

त्यानंतर श्रीरंगपट्टणला जायचा योग आला. मामा म्हणाले, "दर्या दौलतच्या भिंतीवर फौज आहे. कपडे नीट बघून या."

दर्या दौलत हा टिपू सुलतानचा १७८४ चा महाल. त्याच्या भिंतीवर पोल्लिलूरची लढाई रंगवली आहे. १० सप्टेंबर १७८० रोजी कांचीपुरमजवळ हैदर आणि टिपू यांनी कर्नल विल्यम बेलीच्या इंग्रजी फौजेचा धुव्वा उडवला, ती ही लढाई. पहिल्या नजरेला चित्र मला अडाणी वाटलं. लांबचं लहान, जवळचं मोठं हा नियमच नाही. शिपायांच्या रांगाच रांगा, सगळे चेहरे एका बाजूनं काढलेले, एकसारखे. परीक्षेत मी याला जेमतेम पास केलं असतं. पण मामांनी कपडे बघायला सांगितले होते, म्हणून रेंगाळले. आणि हळूहळू दिसायला लागलं. लाल डगल्यांच्या इंग्रजी पलटणीचा चौकोन, त्यात पालखीत बसलेला जखमी बेली, आणि बरोबर मधोमध दारूगोळ्याच्या गाड्याचा उडालेला भडका. त्या दिवशी बेलीचा दारूगोळा खरोखरच पेटला होता आणि लढाई तिथंच फिरली होती. नजरेचे नियम धाब्यावर बसवणाऱ्या त्या चित्रकाराला लढाईचा कणा पक्का माहीत होता. आणि सूट कुठं घेतली होती? एवढ्या कापाकापीत त्याचा टिपू शांतपणे फुलाचा वास घेतो आहे. ते धन्याचं कौतुक. ज्याच्या भिंतीवर चित्र, त्याचा मान.

आणखी एक गोष्ट तिथंच कळली. टिपूनंतर या महालात राहिलेल्या आर्थर वेलस्लीच्या काळात, आणि पुढं लॉर्ड डलहौसीच्या हुकमानं, ही चित्रं पुन्हा रंगवली गेली होती. म्हणजे आपण आज पाहतो त्यात मूळचा हात किती, हा प्रश्नच. परत आल्यावर मामांना हे सांगितलं. ते म्हणाले, "मग आता शिलाई कुणाची म्हणायची?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. पण कुठलंही जुनं चित्र समोर आलं की तेव्हापासून हाच प्रश्न मी आधी विचारते.

मी वाचू लागले. बंगळूरला नृपतुंग रस्त्यावर मिथिक सोसायटी आहे, १९०९ साली स्थापन झालेली. तिथल्या ग्रंथालयाची मला सवय लागली. एकदा बेंजामिन वेस्टच्या 'जनरल वुल्फचा मृत्यू' या १७७० च्या चित्राची हकिगत वाचली आणि ती मामांना सांगितल्याशिवाय राहवेना, कारण भांडण कपड्यांवरूनच होतं. वुल्फ १७५९ मध्ये क्वेबेकच्या लढाईत पडला. त्या काळच्या थोर चित्रकारांचं म्हणणं असं, की वीरपुरुष ग्रीक-रोमन झग्यातच शोभतो; जोशुआ रेनॉल्ड्सनंही वेस्टला तसंच बजावलं. वेस्टनं ऐकलं नाही. लढाईत जे गणवेश होते तेच त्यानं रंगवले आणि चित्र गाजलं. पण मरणाऱ्या वुल्फभोवती त्यानं जे अधिकारी जमवले, त्यातले बहुतेक त्या क्षणी तिथं नव्हतेच.

मामा मशीन थांबवून हसले. "म्हणजे कापड बरोबर, गिऱ्हाईक चुकलं!"

मग मी त्यांना आमच्याच रस्त्यावरून गेलेल्या चित्रकाराबद्दल सांगितलं. मार्च १७९१ च्या सुरुवातीला टिपूविरुद्ध निघालेली इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसची फौज कोलार, होसकोटे घेत बंगळूरवर गेली. ७ मार्चला बंगळूरच्या पेठेवर हल्ला झाला, त्यात कर्नल मूरहाउस पडला. रॉबर्ट होम हा चित्रकार या मोहिमेत फौजेबरोबर होता. त्यानं मूरहाउसचा मृत्यू रंगवला, तोही वुल्फची आठवण यावी अशा मांडणीत. पुढं फेब्रुवारी १७९२ मध्ये टिपूची दोन मुलं ओलीस म्हणून कॉर्नवॉलिसच्या हवाली झाली, तो प्रसंगही त्यानं रंगवला आणि त्या गर्दीत चित्रांची वही घेऊन स्वतःलाही उभं केलं. मी इथं होतो, याची जणू साक्षच. त्याच ओलीस मुलांवर माथर ब्राउननंही लंडनमध्ये बसून चित्रं काढली. तो हिंदुस्थानात कधी आलाच नव्हता. पण पाहिलेल्यानंही उसनी मांडणी घ्यावी आणि न पाहिलेल्याचंही चित्र लोकांनी खरं मानावं, या गुंत्यात मी सापडले. मामांना विचारलं, "मग चित्रकारानं करायचं काय? माहीत नाही ती जागा कोरी ठेवायची?"

त्यांनी शिवून झालेला एका मुलीचा झगा उलटा केला आणि बाजूची शिवण बोटांनी उकलून दाखवली. आत दोन बोटं कापड दुमडलेलं होतं.

"ही माया. माप घेतलं ते माप, त्यात कमीजास्त नाही. पण पोर वाढणार की. म्हणून कापतानाच माया सोडायची. बाहेरून दिसत नाही. उद्या उसवून मोठं करता येतं. माया न सोडता कापलं, तर मग कापडच गेलं."

शिवण मलाही येत होती, माया सोडणं मलाही माहीत होतं. चित्रात ती सोडायची असते, हे मात्र तोवर कुणी सांगितलं नव्हतं. जे ठाऊक आहे ते मापाबरहुकूम. जे ठाऊक नाही तिथं कल्पना जरूर करावी, पण उद्या नवा पुरावा आला तर उसवता येईल अशी. आपल्याकडं वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ मध्ये शिवाजी महाराजांचं समकालीन डच चित्र उजेडात आणलं. तोवर भलत्याच माणसाचं चित्र महाराजांचं म्हणून छापलं जात होतं. एवढं मोठं उसवणं लोकांनी मान्य केलं, तर माझ्यासारखीनं आपल्या चित्राला एवढं का चिकटावं?

खरी परीक्षा पुढं होती. बंगळूरच्या एका मराठी मंडळाला सभागृहासाठी चित्र हवं होतं, विषय या भागातल्या मराठ्यांचा पराक्रम. शोधता शोधता मार्क विल्क्सच्या म्हैसूरच्या इतिहासात आमचं होसकोटेच समोर आलं. साल १७६८, इंग्रज आणि हैदरअली यांचं पहिलं युद्ध. गुत्तीचे मुरारराव घोरपडे इंग्रजांच्या बाजूनं होते. कर्नल स्मिथच्या तळाशेजारी, होसकोटेजवळ, त्यांचा वेगळा तळ पडला होता. २२ ऑगस्टच्या रात्री हैदरनं त्या तळावर छापा घातला. घोडेस्वार आत घुसले, मागून पायदळ. अंधाधुंदीत मुराररावांनी हुकूम दिला, की आपल्यापैकी कुणीही घोड्यावर बसायचं नाही; प्रत्येकानं आपापल्या घोड्याशी उभं राहायचं. म्हणजे जो स्वार दिसेल तो शत्रू. तेवढ्यात मुराररावांचा जखमी झालेला हत्ती साखळदंड तोडून सुटला, तीच साखळी सोंडेत धरून गरगर फिरवत समोरच्या स्वारांवर चालून गेला, आणि ते स्वार मागच्या आपल्याच पायदळावर उलटले. छापा फसला.

मी हरखून गेले. मंडळीही हरखली. फक्त त्यांना मुरारराव घोड्यावर हवे होते. दोन पायांवर उभा ठाकलेला पांढरा घोडा, वर उगारलेली तलवार. सभागृहात लांबून उठून दिसायला हवं, असं त्यांचं म्हणणं. आगाऊ पैसे हातात पडले होते आणि घरात त्यांची गरज होती. एक घोडाच तर घालायचा, असं मीही मनाशी म्हणू लागले. धुरंधरांनी, वेस्टनं काय कमी सूट घेतली होती? मामांकडं गेले ती खरं तर संमती मागायलाच.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. सुईत दोरा ओवता ओवता म्हणाले, "घोड्यावर बसलेला तो शत्रू, असा हुकूम ना? मग मुराररावालाच मारतील की त्याची माणसं."

यावर बोलायला काही उरलंच नव्हतं. ज्या एका हुकमानं ती रात्र वाचली, तोच हुकूम माझा पांढरा घोडा पुसून टाकत होता. मुराररावांना पायउतारच रंगवायला हवं होतं. मग मी कपड्यांचं विचारलं. विल्क्सनं त्याबद्दल काहीच लिहिलेलं नाही. मामा म्हणाले, "मध्यान्रात्री झोपेतनं उठलेल्या माणसाच्या अंगात काय असतं बाई? कमरेला असेल ते आणि अंगावर पांघरूण. पगड्या बांधायला वेळ कुठला?" मी म्हटलं, मग दोन्ही फौजा ओळखायच्या कशा? ते म्हणाले, "ओळखू येत नव्हत्या, म्हणून तर हुकूम काढला त्यांनी." हैदरचं जन्मगाव मानलं जाणारं बुदीकोटे आमच्या शेजारच्या कोलार जिल्ह्यातच आहे. पुढं १७७६ मध्ये हैदरनं गुत्ती घेतली आणि मुरारराव कब्बळदुर्गच्या कैदेत गेले ते परत आले नाहीत. जिंकणारे आणि हरणारे इतक्या लवकर जागा बदलतात, तर शत्रूचे चेहरे राक्षसाचे काढायचे कशासाठी? मी दोन्हीकडचे चेहरे याच मुलखातले काढले: शाली लपेटलेली, बोडक्या डोक्यांची, अनवाणी माणसं, आणि मधोमध साखळी फिरवणारा हत्ती. जे बघणाऱ्याला माझ्या मनचं वाटेल ते नोंदीतलं होतं, आणि जे साधं वाटेल ते कल्पनेतलं.

मंडळानं चित्र घेतलं नाही. पैसे मी हप्त्याहप्त्यानं परत केले. पुढं ते चित्र एका शाळेच्या वाचनालयात लागलं. मामा ते पाहायला आले, बराच वेळ उभे राहिले आणि हत्तीऐवजी एका शिपायाच्या खांद्यावरच्या शालीकडं बोट दाखवून म्हणाले, "ही बरोबर पडलीय." मला तेवढं पुरलं.

त्या चित्राच्या मागच्या बाजूला मी दोन याद्या लिहिल्या होत्या. एक 'नोंदीतलं': तारीख, जागा, हुकूम, पायउतार माणसं, हत्ती, साखळी. दुसरी 'माझं': तंबूंचे रंग, चेहरे, मशाली, काळाकुट्ट अंधार, झोपेतून उठलेल्यांचे कपडे. तेव्हापासून माझ्या चित्रकलेच्या वर्गातली मुलंही इतिहासाचं चित्र काढलं की कागदामागं या दोन याद्या लिहितात. मार्कांसाठी कुरकुरतात, पण लिहितात.

मामा गेल्यानंतर, माझ्याकडं चित्रकला शिकून नंतर विज्ञानाकडं गेलेली एक मुलगी सुट्टीत आली. चित्रामागची यादी वाचून तिनं विचारलं, "मॅम, अंधार कशावरून?" मी म्हटलं, रात्र होती म्हणून. ती वही घेऊन बसली. जून १७६९ च्या सुरुवातीला शुक्राचं अधिक्रमण झालं, ते पाहायला कॅप्टन कुक ताहितीला गेला होता. त्याच्या पाठोपाठ सूर्यग्रहण झालं. ग्रहण म्हणजे अमावास्या. तिथून साडेएकोणतीस दिवसांचा एकेक महिना मागं मोजत ती २२ ऑगस्ट १७६८ ला पोचली. शुक्ल पक्ष, दशमीच्या मागंपुढं. मध्यरात्री पश्चिमेला चंद्र होता.

मला वाईट वाटलं नाही. उसवायची जागा आधीच धरलेली होती. शाळेची परवानगी काढून मी चित्र उतरवलं आणि अंधारावर पश्चिमेकडून येणारा फिकट उजेड चढवला. ऑगस्टातला ढग मात्र राहू दिला. त्या रात्री आभाळ कसं होतं हे कुणी लिहिलेलं नाही, तेव्हा ढग माझा. मग चित्र उलटं केलं. 'माझं' या यादीतला अंधार खोडला, तिसरा मथळा घातला 'गणितातलं', खाली चंद्र लिहिला आणि त्या मुलीचं नाव लिहिलं. लिहिताना यादी पुन्हा नजरेखालून गेली. 'झोपेतून उठलेल्यांचे कपडे' ही ओळ मी इतकी वर्षं माझ्या नावावर ठेवली होती. ती तिथून काढली, चौथा मथळा घातला 'मामांचं', आणि त्याखाली ती लिहिली.